जर्मनीत येताय? बोलण्याआधी पत्रं वाचायला शिका

पुण्याहून स्टुटगार्टकडे नोकरीला निघालेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच, "ऑफिसात इंग्रजी चालतं, काळजी करू नकोस." खोटं नाहीये ते. गाड्यांच्या कंपन्या आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या टीममध्ये मीटिंगा, ईमेल, कँटीनमधल्या गप्पासुद्धा बऱ्याचदा इंग्रजीत होतात. पण ऑफिसचं दार ओलांडलं की घरमालक, वीज कंपनी, विमा, परदेशी नागरिकांचं कार्यालय, डॉक्टरकडची रिसेप्शनिस्ट असा सगळा संसार जर्मनमध्ये चालतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक कागदावर. सरकारी कामकाजाची भाषा जर्मन असेल असं इथे कायद्यातच लिहिलेलं आहे. काउंटरवरचा माणूस इंग्रजी बोलला तर तो त्याचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे.

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, घर घेतल्यावर दोन आठवड्यांत करायची आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी, हे सगळं तुम्ही वाचूनच येणार आहात, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते लेटरबॉक्सबद्दल.

आधी साधी गोष्ट. इथे बहुतेक इमारतींमध्ये फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक, बस. पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं, मग ते बँकेचं कार्ड असो नाहीतर विम्याचे कागद. चावी हातात पडली की त्याच दिवशी बॉक्सवर आणि बेलवर नाव लावा. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तरीही लावा, आणि पासपोर्टवर आहे तेच आडनाव लावा.

आता मी ज्यात अडकले ते सांगते. घर बदलताना मी वीज कंपनीला फोन करून कळवलं होतं. फोनवरची बाई अगदी गोड बोलली, "सगळं नोंदवलंय" म्हणाली. लेखी काहीच आलं नाही. शेवटचं बिल गेलं जुन्या पत्त्यावर, त्यामागून स्मरणपत्रंही तिकडेच गेली, प्रत्येकाचा खर्च माझ्या नावावर चढत गेला. नंतर त्यांनी माझा नवा पत्ता शोधून कोर्टामार्फत मागणी पाठवली, तेव्हा मी दिवाळीला साताऱ्याला होते. परत येऊन बॉक्स उघडला तर सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पिवळं पाकीट. त्यावर निळ्या पेनाने पोस्टमनने हाताने तारीख घातलेली. तुमचं सगळं लक्ष त्या तारखेवर हवं.

या पाकिटाला इथे सगळे गेल्बर ब्रीफ, म्हणजे पिवळं पत्र म्हणतात. त्याच्यावर तुमची सही लागत नाही. तुम्ही घरी नसलात तर पोस्टमन ते बॉक्समध्ये टाकतो, वर तारीख लिहितो, आणि त्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असं कायदा धरून चालतो. तुम्ही साताऱ्यात होता की सिंगापुरात, याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. म्हणून पाकीट फेकू नका. आतल्या पत्राला स्टेपल करून ठेवा, कारण मुदत मोजायची ती पाकिटावरच्या तारखेपासून.

माझ्या पाकिटात मानबेशाइड होतं, म्हणजे कोर्टामार्फत आलेली पैशांची मागणी. कोर्टाचा शिक्का बघून छातीत धस्स होतं, अगदी शिकलेल्या माणसाच्याही. पण नीट समजून घ्या: मागणी खरी आहे की खोटी, हे या टप्प्यावर कोर्टाने तपासलेलंच नसतं. समोरच्याने अर्ज केला, कोर्टाने तो पुढे पाठवला, एवढंच. हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. हरकतीचा फॉर्म सोबतच येतो, कारण लिहावं लागत नाही, आणि मागणीच्या एखाद्याच भागाला हरकत घेता येते. गप्प बसलात तर पुढचा कागद येतो फोलश्ट्रेकुंग्सबेशाइड, म्हणजे वसुलीचा आदेश, आणि तो आल्यावर गोष्ट गंभीर होते. त्यालाही दोन आठवड्यांत उत्तर देता येतं, पण तोवर वसुलीचा मार्ग मोकळा झालेला असतो. खात्यावर टाच येऊ शकते, शूफा या लोकांची आर्थिक पत नोंदवणाऱ्या संस्थेकडे नोंद गेली तर पुढचं भाड्याचं घर मिळणं अवघड होतं.

माझी दोन आठवड्यांची मुदत उलटून गेली होती. पण दुसरा कागद निघेपर्यंत पहिल्याला उशिरा घेतलेली हरकतही चालते, ही गोष्ट ग्राहक सल्ला केंद्रातल्या बाईंनी सांगितली. मूळ बिल माझंच होतं, ते लगेच भरलं. हाती न आलेल्या स्मरणपत्रांच्या खर्चाला हरकत घेतली आणि कंपनीने तो सोडून दिला. तेव्हा घाबरू नका. उशीर झालाय म्हणजे सगळं संपलं असं गृहीत धरून पाकीट ड्रॉवरमध्ये टाकणं, हे सगळ्यात वाईट.

बाकीच्या सरकारी पत्रांतही तेच. दंडाच्या नोटिशीला दोन आठवडे, कार्यालयाच्या निर्णयाला बहुतेक वेळा एक महिना. पत्राच्या शेवटी रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग अशा लांबलचक मथळ्याचा परिच्छेद असतो. बाकी पत्र नाही कळलं तरी चालेल, तो परिच्छेद आला पाहिजे. हरकत कुठे, कशी आणि किती दिवसांत घ्यायची ते तिथेच लिहिलेलं असतं.

फोटो काढून भाषांतर करणारी ॲप्स मीही वापरते. काय विषय आहे ते कळतं त्यातून. पण हा कागद किती जड आहे ते कळत नाही. इथली पत्रं फार नम्र असतात. "आम्ही आपणास विनंती करतो" असं लिहून खाली तारीख घातलेली असते, आणि ती विनंती नसते. ॲपवर वाचलं तरी तारखा, रक्कम आणि शेवटचा परिच्छेद मूळ जर्मनमध्ये बोट ठेवून वाचा.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. पनीर कुठे मिळतं, पूजेला गुरुजी कोण, यासाठी ग्रुप उत्तम. कायदेशीर कागदासाठी नाही. "काही होत नाही रे, इग्नोर मार, मी पण मारलं होतं" असं सांगणारा एक दादा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो आणि त्याची केस तुमच्यापेक्षा वेगळी असते. फेरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक सल्ला केंद्रात थोड्या फीमध्ये माणूस तुमच्या समोर बसून कागद वाचतो. भाड्याचा प्रश्न असेल तर भाडेकरू संघटनेचं सभासदत्व घ्या, वार्षिक खर्चाचा हिशोब तपासून घेण्यातच ते वसूल होतं. आणि सीनियर शोधायचाच तर तुमचे फॉर्म भरून देणारा शोधू नका. शेजारी बसून तुमच्याकडून वाचून घेणारा शोधा, मग तो कितीही खडूस असो.

भाषेचं म्हणाल तर ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे कुशल नोकरदारांचा वास्तव्य परवाना असलेल्यांना, जर्मनची बी-वन पातळी असेल तर 21 महिन्यांत, त्याखालची ए-वन असेल तर 27 महिन्यांत कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे बरेच जण परीक्षेपुरतं शिकतात आणि सर्टिफिकेट आलं की वही बंद. असं करू नका. मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमधून शिकून आला असाल तर पाया पक्का आहे, इथे फोल्क्सहोखशूले या प्रौढांसाठीच्या शिक्षण केंद्रात स्वस्तात पुढचे वर्ग मिळतात. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आपल्याला त्यांची सवय आहे. सत्तेचाळीस म्हणताना आपणही सात आधी म्हणतो आणि चाळीस नंतर, जर्मन आकडेही तसेच. इंग्रजीतून शिकणारे तिथेच धडपडतात. फक्त जर्मन शिकताना मनातल्या मनात मराठीतून जा, इंग्रजीतून नको.

स्टुटगार्टच्या बाजूला पहिले काही महिने शिकलेलं सगळं वाया गेल्यासारखं वाटेल, कारण रस्त्यावर श्वाबिश ही इथली बोली बोलतात. माझ्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांनी पहिल्यांदा माझ्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवली तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मला ओ की ठो कळलं नव्हतं. ती केरवोखेची, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची पाटी होती. ज्या आठवड्यात पाटी तुमच्या दारावर, त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा, काम झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. शनिवारी जिना पुसताना दिसलात की तुम्ही त्या इमारतीचे झालात. मी आजींना "परत एकदा सांगा, हळू" असं म्हणायला लागले, तेव्हापासून त्या माझ्याशी थांबून बोलतात. समोरचा इंग्रजीवर आला तर "बिटे आउफ डॉइच, इश लेर्ने नोख" (कृपया जर्मनमध्ये बोला, मी अजून शिकतेय) म्हणा. लोक थांबतात, खरंच थांबतात.

रविवारी मिक्सर, ड्रिल, काचेच्या बाटल्या टाकणं, सगळं बंद. रात्री दहानंतरही. मीटिंगमध्ये "हे चूक आहे" असं तोंडावर म्हणतील, ते कामाबद्दल असतं. हळूहळू अंगवळणी पडतं.

सुट्टीला भारतात जाण्याआधी मात्र एवढं कराच. शेजारी किंवा मित्राला लेटरबॉक्सची चावी द्या, पत्रं उघडायची परवानगी लेखी द्या, आणि पिवळं पाकीट दिसलं की दोन्ही बाजूंचा फोटो त्याच दिवशी पाठवायला सांगा. घर बदलत असाल तर पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर वळवायची सोय पैसे भरून करता येते, किमान सहा महिन्यांची घ्या. वीज, इंटरनेट, जिम, जे काही बंद कराल ते लेखी कळवा आणि लेखी पोच आल्याशिवाय बंद झालं असं समजू नका.