ड्रॅग रेस: हिरवा दिवा लागला तरी घड्याळ सुरू झालेलं नसतं

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ पट्टीवरची पाव मैलाची शर्यत. पाव मैल म्हणजे 1320 फूट, साधारण 402 मीटर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गिअर कधी बदलायचा हेही जमत असेल. तरीही सुरुवातीला माणूस हरतो आणि का हरला तेच कळत नाही. स्लिपवर, म्हणजे शर्यतीनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवर, कमी वेळ आपली आणि जिंकला मात्र शेजारचा! हे फार जिव्हारी लागतं, म्हणून आधी तेच.

स्टार्ट लाइनवर जमिनीलगत दोन प्रकाशकिरण आडवे सोडलेले असतात. पुढचं चाक पहिल्यात आलं की प्री-स्टेजचा दिवा लागतो, साधारण 7 इंच पुढे सरकलं की स्टेजचा. मग ट्रीवरचे, म्हणजे समोरच्या दिव्यांच्या खांबावरचे, पिवळे दिवे आणि शेवटी हिरवा. पण ई.टी.चं, म्हणजे गाडीला अंतर कापायला लागलेल्या वेळेचं, घड्याळ हिरव्यावर सुरू होत नाही. चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडलं की ते सुरू होतं. हिरव्यापासून तिथपर्यंतचा वेळ म्हणजे रिॲक्शन टाइम, आणि तो ई.टी.त धरतच नाहीत. हिरवा लागल्यावर तुम्ही तीन सेकंद नुसते बसून राहिलात तरी ई.टी. झकासच येईल.

आकडेच बघा. तुमचा रिॲक्शन टाइम 0.180 आणि ई.टी. 13.20, बेरीज 13.380. शेजारच्याचा 0.060 आणि 13.28, बेरीज 13.340. तुमची गाडी जास्त पळाली, तरी तो 0.040 सेकंदांनी पुढे, म्हणजे त्या वेगाला जवळपास दोन मीटर. याला होलशॉट म्हणतात. ही बेरीज प्रत्येक स्लिपवर पेनाने करा. दोन्ही लेनची करा. सवय होईपर्यंत करा.

यावरचा उपाय एकच: हिरव्याची वाट बघू नका. फुल ट्रीवर पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि तिसऱ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. डोळ्यांना दिसून पाय हलेपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात, वर गाडीला किरणाबाहेर पडायला सुमारे एक फूट सरकावं लागतं. त्या सरकण्याला रोलआउट म्हणतात. म्हणून तिसरा पिवळा पेटताना दिसला की क्लच सोडायचा. प्रो ट्रीवर तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि हिरवा 0.4 सेकंदाने येतो. तिथे पिवळ्याच्या लखलखाटावरच सुटायचं. 0.000 हा अचूक आकडा. त्याआधी सुटलात की लाल दिवा आणि शर्यत गेली. नवख्याला 0.1 च्या आसपास सातत्याने येत असेल तर उत्तम चाललंय, घाबरू नका.

डीप स्टेजिंगचा शॉर्टकट पहिल्याच दिवशी शिकवणारे उस्ताद भेटतील. त्यांचं ऐकू नका. आणखी पुढे सरकून प्री-स्टेजचा दिवा विझवला की रोलआउट कमी होतो, रिॲक्शन सुधारतो, पण ई.टी. किंचित वाढते आणि लाल दिव्याचा धोकाही. आधी दर वेळी स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबायला शिका. जागा रोज बदलली तर आकड्यांना अर्थच उरत नाही. माझ्या मते चांगला गुरू तोच, जो इंजिनाला हात लावण्याआधी तुमच्या स्लिपा मागतो.

स्लिपवर 60 फुटांचा आकडा, म्हणजे पहिल्या 60 फुटांना लागलेला वेळ, सर्वांत महत्त्वाचा. तो वाईट आणि ट्रॅप स्पीड, म्हणजे शेवटच्या 66 फुटांतला सरासरी वेग, चांगला असेल तर ताकद आहे, पकड नाही: टायरची हवा आणि क्लच सोडण्याचा आरपीएम बघा. 60 फूट चांगला आणि ट्रॅप स्पीड कमी असेल तर गिअर बदलण्यात किंवा इंजिनात खोट आहे. सुरुवातीला वाचवलेला दशांश शेवटी दीडपट तरी होऊन मिळतो. टर्बोवर पैसे घालण्याआधी टायरवर घाला.

ब्रॅकेट रेसमध्ये तुमची अपेक्षित ई.टी. काचेवर लिहायची, ती डायल-इन. तुमची 13.20 आणि समोरच्याची 11.70 असेल तर तुम्हाला दीड सेकंद आधी सोडतात. पण 13.19 धावलात की ब्रेकआउट, म्हणजे लिहिलेली मर्यादा मोडली आणि हरलात! दोघेही मोडले तर कमी मोडणारा जिंकतो.

साध्या रस्त्यावरच्या टायरने वॉटर बॉक्समध्ये, म्हणजे स्टार्ट लाइनमागे टायर भिजवायच्या ओल्या जागेत, शिरू नका, वळसा घालून जा. खाचांत अडकलेलं पाणी थेट स्टार्ट लाइनवर ठिबकतं आणि मागच्याची पकडही जाते.

सराव सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तो गुन्हा आहे, आणि तिथे थांबायला मोकळी जागाही नसते. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारख्या स्पर्धा झाल्या आहेत, अशा ठिकाणीच पळा. फिनिश ओलांडल्यावर आपली लेन सोडू नका, शेजारची गाडी दिसेपर्यंत वळू नका.