छत्रीभोवतीची बाग: आधी पाण्याचं बघा

इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या नि छत्रीबागेतल्या होळकरांच्या छत्र्या, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या वास्तू, सगळ्यांना ठाऊक असतात. पण कित्येक घराण्यांच्या लहान समाध्या जुन्या बागांतून तशाच पडून आहेत. वास्तू संरक्षित असेल तर तिला हात लावू नका, पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. बाकीच्यांसाठी पुढचं.

माळव्याची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, नि जोत्याचे दगड तिच्याबरोबर हलतात. म्हणून फुलझाडांचा विचार मागाहून करा. पहिल्या जोराच्या पावसात जाऊन पाणी कुठे साचतं ते पाहा. जोत्यापासून दीड ते दोन मीटर हिरवळ, वाफा, फवारा काहीही नको. तिथे मुरूम दाबून दर मीटरला 2 सेंमी उतार बाहेरच्या बाजूला द्या. जवळ मोठं जुनं झाड असेल तर घाईने तोडू नका. तोडल्यावर, एरवी ते शोषत असलेलं पाणी मातीत राहू लागलं की जमीन फुगून जोतं उचलतं. नवा बकुळ वा चाफा लावायचा तर आठ-दहा मीटर दूर.

कळसात पिंपळ रुजला असेल तर ओढू नका, सांध्यातला दगड सुटून हातात येतो. बुंध्याशी कापा. ताज्या कापावर लगेच ब्रशने ग्लायफोसेट हे तणनाशक लावून घ्या. हे काम परवानाधारक कीटकनियंत्रकाकडूनच करवायचं, नियमच तसा आहे. मूळ पुरतं मेल्यावरच सांधा साफ करा.

सांध्यात सिमेंट कधीच नको. ते चुन्याहून कठीण, ओल अडवणारं. मग ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात. चुनकळी (भाजलेला, न विरवलेला चुना) पाण्यात विरवून किमान 15 दिवस पाण्याखाली ठेवा. मग 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी), 2 भाग चाळलेली वाळू. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, भिजवा, दाबून भरा, ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. गवंडी इथेच कंटाळतात आणि चुना उन्हात तडकतो, तेव्हा स्वतः लक्ष ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

धुताना साधं पाणी, नायलॉनचा ब्रश. खालून वर जा, नाहीतर कोरड्या दगडावर मळाचे ओघळ मुरतात. ॲसिड आणि तारेचा ब्रश वर्ज्य.

शिलालेखावर तेल, खडू चोळू नका. संध्याकाळी टॉर्च एका बाजूने तिरका धरला की घासलेली अक्षरंही उठून दिसतात. लेखातलं वर्ष इसवी सनात आणायला, शालिवाहन शक असेल तर 78 मिळवा (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत 79), विक्रम संवत असेल तर 57 वजा करा. तिथी चैत्राआधीची असेल तर वर्षभराचा फरक पडू शकतो.