हळदीची भरणी: पिवळं पान दिसलं म्हणून युरियाची गोणी फोडू नका

मेच्या तिसऱ्या आठवड्यात लावलेली हळद आता साडेतीन महिन्यांची होत आली, म्हणजे भरणीची (सरीतली माती झाडांच्या बुडाशी लावायची) वेळ झाली. नेमकं याच दिवसांत कुठं पान पिवळं दिसलं की युरियाची गोणी बांधावर येते. आधी पान नीट बघा.

खालची जुनी पानं आधी पिवळी पडलीत आणि सगळा प्लॉटच फिकट दिसतोय, तर नत्र (नायट्रोजन, जे युरियातून मिळतं) कमी पडलंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढुरकी पण शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे हमखास होतं आणि तिथं युरियानं काही हिरवं होत नाही. एकरी १० किलो हिराकस (फेरस सल्फेट) कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून भरणीला द्या.

तिसरा पिवळेपणा वाईट. सखल जागी, पाणी साचतं तिथंच झाडं पिवळी असतील तर एक झाड हलकेच ओढा. अलगद हातात आलं, बुडखा मऊ लागला, घाण वास आला तर ती कंदकूज. तिथं खत टाकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. आधी चर काढून पाणी बाहेर काढा.

आता मात्रा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २०० किलो नत्र, १०० स्फुरद (फॉस्फरस), १०० पालाश (पोटॅश) अशी आहे. स्फुरद-पालाश लागवडीलाच, नत्र निम्मं दीड महिन्यानं आणि निम्मं भरणीला. भरणीचा वाटा एकरी ४० किलो नत्र, म्हणजे ८७ किलो युरिया. ४५ किलोच्या दोन गोण्यांना तीन किलो कमी. ठिबकमधून आधी काही सोडलं असेल तर ते यातून वजा करा. हे वजा करायचंच बरेच जण विसरतात.

वापसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही) खत द्या आणि लगेच सरीतली माती लावून झाका. उघडा युरिया हवेत उडतो, उघडे गड्डे उन्हानं हिरवे पडतात.

भरणीनंतर नत्र बंद. पुढचे दिवस हळकुंडं पोसण्याचे असतात; उशिरा दिलेल्या युरियानं पाला माजतो, पीक पक्व व्हायला लांबतं आणि कुकरमध्ये शिजवून वाळवल्यावर उतारा कमी भरतो. शेजारच्याचा पाला डोक्याएवढा झाला तरी हेवा करू नका, बाजारात पाला विकत नाहीत. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर गोण्या दोन दिवस घरातच राहू द्या.