पावसाच्या आधी सर्व्हर एकदा आपल्या हातानेच बंद करून चालू करा: तयारीची यादी

मे अर्धा सरला की गोव्यात संध्याकाळी गडगडायला लागतं, फांदी तारांवर पडते, लाईट जाते, दोन मिनिटांनी येते आणि परत जाते, आणि मिरगाचा पाऊस सुरू झाला की हे रोजचंच. डिचोली, वाळपई, सांगे बाजूला तर जास्तच. आता ज्यांची वेबसाईट ऑफिसातल्या कपाटात ठेवलेल्या मशीनवर चालते, देवस्थानची अभिषेकाची नोंदणी असो, वाचनालयाचा कॅटलॉग असो किंवा घरगुती गेस्ट हाऊसचं बुकिंग, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारण एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही की आज साईट चालू आहे म्हणजे ती लाईट जाऊन आल्यावर परत उठेल असं अजिबात नाही. वेब सर्व्हर, म्हणजे साईटची पानं लोकांना देणारा प्रोग्राम, एन्जिनएक्स असो की अपाची, सुरू होताना तो कॉन्फिग, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाईल, वाचतो आणि मग त्यावरच चालत राहतो, ऑक्टोबरात कुणी फाईलमध्ये काही बदललं, एन्जिनएक्सला रीलोड दिला, म्हणजे बंद न करता कॉन्फिग परत वाचायला सांगितलं, आणि तो एररमुळे फसला, तरी जुनी प्रोसेस जुन्या कॉन्फिगवर निवांत चालत राहते, कुणाला कळतही नाही, आणि जूनमध्ये लाईट जाते तेव्हा ती बिघडलेली फाईल पहिल्यांदा खरोखर वाचली जाते. म्हणून पावसाच्या आधी एक कोरडा दिवस धरा, सकाळची वेळ, कीबोर्डसमोर बसून स्वतः रीस्टार्ट करा. त्याच्या आधी काय काय बघून ठेवायचं ते पुढे.

सगळ्यात आधी कॉन्फिगची कॉपी. पण कॉपी कुठे ठेवता ते महत्त्वाचं आहे हां. उबुंटू-डेबियनवर एन्जिनएक्स साईट्स-एनेबल्ड फोल्डरमधल्या, म्हणजे चालू साईट्सच्या कॉन्फिगच्या, सगळ्याच फाईल वाचतो, नावाच्या शेवटी बॅक लिहा, ओल्ड लिहा, त्याला काही फरक पडत नाही, आणि दोन्ही फाईलींत डिफॉल्ट सर्व्हर लिहिलेलं असलं की मग 'डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर' म्हणून सुरूच होत नाही. लोक तासभर मूळ फाईलमध्ये चूक शोधत बसतात आणि भांडण लावणारी फाईल असते बाजूची बॅकअपवाली. तेव्हा कॉपी होम फोल्डरमध्ये आणि पेनड्राईव्हवर, तिथे नको. एन्जिनएक्सला मायनस मोठ्या टी ची कमांड दिली की तो सगळ्या फाईल जोडून जे खरोखर वाचतोय ते पूर्ण छापून देतो, ते एका फाईलमध्ये साठवून ठेवा. अपाचीवाल्यांनी मायनस मोठ्या एस ची कमांड चालवून बघावी, कुठलं डोमेन कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीत आहे ते सगळं दाखवतो.

मग टेस्ट. एन्जिनएक्सला मायनस टी, लहान टी, आणि सुडो लावूनच, म्हणजे रूटच्या, मशीनच्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने, नाहीतर एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटची की वाचता येत नाही म्हणून जी एरर मुळात नाहीच ती दिसते आणि भलत्याच वाटेने शोध सुरू होतो. अपाचीला कॉन्फिगटेस्ट, 'सिंटॅक्स ओके' आलं की झालं. तिथे 'सर्व्हरचं पूर्ण डोमेन नेम नक्की ठरवता आलं नाही' अशा अर्थाची ओळ येते ना, एएच००५५८ नंबरची, तिला घाबरू नका, ती फक्त वॉर्निंग आहे, तिच्यामुळे सर्व्हर अडत नाही, सर्व्हरनेमची एक ओळ टाकली की जाते. एन्जिनएक्समध्ये सेमीकोलन राहिला तर एरर बऱ्याचदा पुढच्या ओळीचा नंबर दाखवते, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी वाचायची. आणि व्हॉट्सअपवरून कॉपी केलेलं कॉन्फिग असेल तर अवतरण चिन्हं तपासा, ती वळणदार होऊन येऊ शकतात, सरळ लागतात. जुन्या मशीनवरून आणलेलं अपाचीचं कॉन्फिग असेल तर 'ऑर्डर अलाऊ डिनाय' वाल्या ओळी शोधा, त्या २.२ च्या काळातल्या, २.४ मध्ये त्याच्या जागी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' आलं, जुन्या ओळी चालवणारं मॉड्युल लोड नसेल तर 'इनव्हॅलिड कमांड' म्हणून गाडी तिथेच थांबते.

पण ही टेस्ट सगळं पकडत नाही, हे नीट लक्षात ठेवा. साईटच्या फोल्डरमधली अपाचीची एचटीॲक्सेस नावाची सेटिंगची फाईल ती बघतच नाही, त्यातली चूक सर्व्हर सुरू झाल्यावर पान उघडताना ५०० नंबरची एरर होऊन समोर येते. आणि पोर्ट, म्हणजे ज्या नंबरावर सर्व्हर येणाऱ्यांचं ऐकतो तो, दुसऱ्या कुणी धरून ठेवलाय का हेही टेस्ट सांगत नाही.

पोर्टचं वेगळं बघावं लागतं. एसएस मायनस टीएलएनपी ही कमांड चालवायची, सुडोसकट, आणि ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) समोर कुणाचं नाव आहे ते वाचायचं. एन्जिनएक्स असलेल्या मशीनवर कुणीतरी पीएचपीचं काही पॅकेज टाकताना अपाचीही बरोबर आला आणि त्याला बूटला सुरू व्हायची परवानगी आपोआप मिळाली, हा प्रकार डेबियन-उबुंटूवर नेहमीचा. आज एन्जिनएक्स आधी बसलाय म्हणून अपाची गप्प आहे, उद्या बूट होताना जो आधी पोचेल तो पोर्ट घेणार आणि दुसरा 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पडणार. नको असलेला सर्व्हर स्टॉप करून भागत नाही, डिसेबल करा. विंडोजवर झॅम्प, म्हणजे अपाची-पीएचपीचं एकत्र पॅकेज, वापरणाऱ्यांना हेच आयआयएसमुळे, मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमुळे, होतं, सर्व्हिसेसमध्ये जाऊन वर्ल्ड वाईड वेब पब्लिशिंग सर्व्हिस चालू आहे का ते बघा. आणखी एक, कधी कधी साईट चालू असते पण सिस्टिमसीटीएल स्टेटस मात्र फेल्ड म्हणतो, म्हणजे कुणीतरी सर्व्हर हाताने सुरू केलाय, सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामला, त्याची खबरच नाही. अशी मशीन लाईट गेल्यावर हमखास दगा देते.

एररमधला नंबर वाचायची सवय लावा, त्याने निम्मा वेळ वाचतो. ९८ म्हणजे पोर्ट दुसऱ्याकडे आहे. ९९ म्हणजे कॉन्फिगमध्ये लिहिलेला आयपी या मशीनवर आत्ता नाहीच. १३ म्हणजे परवानगी नाही, १०२४ च्या खालचा पोर्ट साधारणपणे रूटलाच मिळतो, आणि रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर वेगळाच काही पोर्ट लावला असेल तर रूट असूनही एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा जादा पहारा, अडवतो, त्याला तो पोर्ट वेबचा आहे असं सांगावं लागतं. एसईलिनक्स बंद करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही.

आता आपल्याकडच्या पावसाळ्यातली खरी अडचण, आणि यावर थोडं सविस्तर लिहितो. लाईट येते तेव्हा मशीन, राऊटर आणि फायबरचा डबा तिघे एकदम चालू होतात, एसएसडीवाली मशीन अर्ध्या मिनिटात तयार, राऊटर अजून दिवे लुकलुकवतोय आणि फायबरला तर कधी पाच-पाच मिनिटं लागतात. एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये अपस्ट्रीम किंवा प्रॉक्सीपासला, म्हणजे मागच्या ॲपकडे काम पाठवणाऱ्या ओळीत, नाव लिहिलेलं असेल तर तो सुरू होतानाच त्या नावाचा आयपी शोधतो, डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी सेवा, मिळालं नाही की 'होस्ट नॉट फाऊंड इन अपस्ट्रीम' लिहून बंद, आणि नंतर इंटरनेट आलं तरी तो आपणहून परत प्रयत्न करत नाही. तुम्ही सकाळी येता, इंटरनेट चालू, मशीन चालू, साईट मात्र नाही, स्टार्ट दिल्यावर लगेच उठते, मग वाटतं काहीतरी तात्पुरतं होतं, आणि पुढच्या लाईटीला परत तेच. यासाठी आत्ताच तीन-चार गोष्टी करून ठेवा. ॲप त्याच मशीनवर असेल तर नाव न लिहिता १२७.०.०.१, म्हणजे हीच मशीन, असं लिहा. कॉन्फिगमधल्या लिसनच्या ओळीत ठरावीक आयपी दिला असेल आणि त्याची गरज नसेल तर नुसता पोर्ट ठेवा, नाहीतर राऊटरने वेगळा आयपी दिला की ९९ नंबरची एरर ठरलेली, आणि राऊटरमध्ये त्या मशीनचा आयपी कायमचा राखून ठेवा, पोर्ट फॉरवर्डिंगही, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना राऊटरने त्या मशीनकडे वळवणं, त्याच्यावरच अवलंबून असतं. मग सिस्टिमसीटीएल एडिट करून सर्व्हिसला 'रीस्टार्ट ऑन फेल्युअर' आणि दहा-पंधरा सेकंदांचा रीस्टार्टसेक, म्हणजे परत सुरू करण्याआधीची थांबण्याची वेळ, द्या. हा वेळ मुद्दाम द्यायचा, कारण सिस्टिमडी मुळात दहा सेकंदांत पाच वेळाच प्रयत्न करू देतो, त्याहून घाई झाली की 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' म्हणून हात वर करतो. नेटवर्क-ऑनलाईन टार्गेट लावा असं सगळे सांगतात, लावा, पण त्याने नेटवर्क कार्ड तयार झालंय एवढंच कळतं, बाहेरचं इंटरनेट आलंय याची हमी त्यात नाही. आणि यूपीएसवर नुसती मशीन नको, राऊटर आणि फायबरचा डबाही त्याच्यावरच घ्या, ते दोन्ही वीज फार कमी खातात, हा बदल सगळ्यात सोपा.

एनेबल आहे का ते बघा. स्टार्ट म्हणजे आत्ता, एनेबल म्हणजे बूटला. वेब सर्व्हर, पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्व्हिस), मारियाडीबी (डेटाबेस), तिघांनाही सिस्टिमसीटीएलने इज-एनेबल्ड विचारा.

रन फोल्डर मेमरीत असतो, बूट झालं की रिकामा. कुणी त्याच्यात हाताने फोल्डर बनवून सॉकेट (दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती फाईल) किंवा पीआयडी फाईल (चालू प्रोसेसचा नंबर असलेली) तिथे ठेवली असेल तर बूटनंतर तो फोल्डर नाही आणि सर्व्हिस उठत नाही, त्याची नोंद टीएमपीफाईल्सच्या, म्हणजे बूटला असे फोल्डर बनवून देणाऱ्या सोयीच्या, कॉन्फिगमध्ये करावी लागते. लॉगचा फोल्डर गायब असेल तरीही अपाची आणि एन्जिनएक्स दोघेही सुरू होत नाहीत, जागा मोकळी करण्याच्या नादात कुणीतरी लॉग फाईलींसकट फोल्डरच उडवलेला असतो. जागेवरून आठवलं, डीएफ मायनस एच बरोबर डीएफ मायनस आय पण चालवा, जागा शिल्लक दिसते पण आयनोड, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाईलमागे लागणारी नोंद, संपलेले असतात, सेशनच्या लहान लहान फाईल लाखांनी साठल्या की असं होतं. फोटो बाहेरच्या डिस्कवर असतील तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीत, तिची ओळ आहे ना आणि तिला नोफेल, म्हणजे डिस्क मिळाली नाही तरी पुढे जा, लावलंय ना बघा, नाहीतर ती केबल सैल झाल्यावर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते, आणि मग दूरवरून लॉगिन करायचीही सोय राहत नाही.

सर्टिफिकेटबद्दल थोडा गैरसमज आहे. मुदत संपलेलं सर्टिफिकेट सर्व्हरला सुरू होण्यापासून अडवत नाही, ब्राऊझर लोकांना घाबरवतो एवढंच. सर्व्हर अडतो ते फाईल जागेवर नसेल तर, किंवा सर्टिफिकेट आणि की एकमेकांची नसतील तर, किंवा कीला पासवर्ड असेल तर, कारण पहाटे तीनला लाईट आल्यावर तो पासवर्ड टाईप करायला तिथे कुणी नसतं. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत, त्यामुळे मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक असं आता धरू नका. सर्टिफिकेट घेऊन देणारा प्रोग्राम सर्टबॉट, त्याची रिन्यू कमांड ड्राय-रनसकट, म्हणजे नुसती चाचणी म्हणून, चालवा, आणि रिन्यू झाल्यावर सर्व्हरला आपोआप रीलोड देणारी कमांड, म्हणजे हुक, आहे का तेही बघा. एचटीटीपीवरून पडताळणी होत असेल तर ८० पोर्ट बाहेरून उघडा लागतो.

घड्याळ पण. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेला असेल तर लाईट जाऊन आल्यावर तारीख मागे पडते, रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्यांना तर बॅटरीवरचं घड्याळच नाही. येणाऱ्यांना साईट नीट दिसते कारण तारीख त्यांच्या फोनची धरली जाते, पण सर्व्हर स्वतः पेमेंट गेटवेकडे किंवा मेलकडे जातो तेव्हा समोरचं सर्टिफिकेट त्याला चुकीचं वाटतं आणि बुकिंग अडकतं. सेल स्वस्त असतो, बदलून टाका. बायोसमध्ये शिरलाच आहात तर लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सेटिंग पण लावून घ्या.

मग ठरवलेल्या दिवशी क्रमाने जा. आधी फक्त सर्व्हिस रीस्टार्ट, मग पूर्ण रीबूट, मग व्यवस्थित शटडाऊन करून भिंतीवरचं बटण बंद, राऊटर आणि फायबरसकट, पाच मिनिटं थांबून सगळं एकदम चालू, आणि कीबोर्डला हात न लावता बघत राहा साईट येते का. नाही आली तर घाईने परत परत स्टार्ट मारू नका, पहिली एरर वाचा. सिस्टिमसीटीएल स्टेटस, मग जर्नलसीटीएल मायनस बी, म्हणजे या बूटपासूनच्या नोंदी, मग सर्व्हरचा स्वतःचा एरर लॉग, मग पोर्ट, मग त्याच मशीनवरून कर्ल कमांडने लोकलहोस्ट, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरचं पान, मागून बघा. लोकलला उत्तर येतं आणि बाहेर दिसत नाही तर दोष सर्व्हरचा नाही, फायरवॉल, राऊटर किंवा बदललेला पब्लिक आयपी बघा, आणि बाहेरून तपासताना फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर. पानावर ५०२ नंबरची एरर आली म्हणजे वेब सर्व्हर उठलाय पण मागचं ॲप किंवा पीएचपी-एफपीएम नाही, पीएचपीचं व्हर्जन बदललं की सॉकेटचं नाव पण बदलतं ते इथेच कळतं. ४०३, म्हणजे परवानगी नाकारली, असं आलं तर नुसती शेवटच्या फाईलची परवानगी बघून चालत नाही, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची लागते, आणि उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर इतरांना बंद असतात, म्हणून साईट होममध्ये ठेवली असेल तर ती आधी व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली न्या.

शेवटचं काम कागदाचं. चवथीला आपण सगळे आपापल्या मूळ घरी असतो आणि ऑफिसात असतो तो फक्त राखणदार किंवा पुजाऱ्यांचा मुलगा, त्याला फोनवरून सांगावं लागतं. म्हणून मशीनचा आयपी, राऊटरचं बटण कुठलं, कुठला दिवा हिरवा हवा, स्टेटस आणि स्टार्टच्या कमांड स्पेलिंगसकट मोठ्या अक्षरांत, आणि स्क्रीनचा फोटो काढून कुणाला पाठवायचा ते नाव, असं एका कागदावर लिहा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवा, बाहेरच्या भिंतीला नको, जुलैपर्यंत तिला ओल येते. पासवर्ड त्या कागदावर नको, तो कमिटीतल्या दोघांकडे बंद पाकिटात द्या, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही त्यांना सांगून ठेवा.