कॉस्टिक सोडा हाताळताना या चुका टाळा

साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या (उसाचा रस आटवायच्या भांड्याच्या) नळ्यांवर स्केल, म्हणजे क्षारांचा कडक थर, बसला की क्लिनिंगला कॉस्टिक उकळावं लागतं, आणि नेमकी त्याच दिवशी घाई असते कारण गाळप बंद असतं आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत असते. बॉयलिंग हाऊसला, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या विभागात, बरीच वर्षं काढलीत मी, भाजलेली माणसं बघितली ती सगळी या घाईतलीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकीत आधी फ्लेक्स (कॉस्टिकचे कोरडे पापुद्रे) ओतून वरून पाणी सोडणं. कॉस्टिक विरघळताना इतकी उष्णता निघते की पाणी तिथल्या तिथं उकळून उसळतं ते सरळ तोंडावर. आधी थंड पाणी, मग थोडे थोडे फ्लेक्स, हलवत हलवत. लवकर विरघळावं म्हणून गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) घेतात काहीजण, तसं अजिबात करू नका. पोतंच्या पोतं ओतल्यामुळे तळाशी गठ्ठा बसला असेल तर रॉडने टोचायला जाऊ नका, टाकणं थांबवा, लांब व्हा, निवू द्या.

अल्युमिनियमची बादली नको. कॉस्टिक तिला खातं आणि हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो, आणि क्लिनिंगच्या दिवशी शेजारी वेल्डिंग चालूच असतं. वेल्डरचे चामड्याचे हातमोजे पण नकोत, रबराचे किंवा पीव्हीसीचे घाला, गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, आणि पॅन्ट गमबुटाच्या बाहेर ठेवा नाहीतर ओघळ आत जातो.

हात बुळबुळीत लागला आणि दुखत नाही म्हणून पोरं काम चालू ठेवतात. अरे, ती तुमच्या कातडीची चरबी साबण होतेय, दुखणं नंतर येतं! लगेच कपडे काढून पाण्याखाली जा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने कमीत कमी 15 मिनिटं धुवा आणि मग दवाखाना, व्हिनेगर लिंबू काही लावू नका. आमच्या एका हेल्परच्या डोळ्यात गेलं तेव्हा इमर्जन्सी शॉवरला पाणीच नव्हतं, दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद केलेला आणि कुणाला माहीतच नाही. तेव्हापासून पहिलं पोतं फाडायच्या आधी शॉवर आणि आयवॉश (डोळे धुवायचा फवारा) चालू करून बघितल्याशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही.

उरलेलं पोतं घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा. उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढून दगड होतं, मग कुणीतरी हातोडी घेतो आणि तुकडा डोळ्यात उडतो.