कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन झालं, तरी फ्लोरिडात रजिस्ट्रेशन लागतंच

डॉक्युमेंटेड बोटीला, म्हणजे अमेरिकी कोस्ट गार्डकडे केंद्रीय नोंद झालेल्या बोटीला, राज्याचं टायटल (मालकीचा दाखला) लागत नाही, पण बोट फ्लोरिडाच्या पाण्यात वापरायची तर रजिस्ट्रेशन चुकत नाही. इथेच बरेचजण गल्लत करतात. रजिस्ट्रेशनसाठी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) टॅक्स कलेक्टरकडे जाताना डॉक्युमेंटेशन सर्टिफिकेटची प्रत, विक्रीची पावती आणि ओळखपत्र न्या. खरेदीनंतर मुदत 30 दिवसांची. सेल्स टॅक्सही तिथेच भरायचा. त्याची कमाल मर्यादा 18,000 डॉलर.

रजिस्ट्रेशनचा स्टिकर डाव्या बाजूला दिसेल असा लावा. पुढच्या टोकाशी ‘एफएल’चा, म्हणजे फ्लोरिडा राज्याचा, नंबर मात्र रंगवू नका, जुन्या मालकाचा असेल तर खरवडून काढा. कोस्ट गार्डचा नंबर बोटीच्या आत, सांगाड्याच्या भागावर, किमान 3 इंच उंचीच्या अंकांत, काढल्यास खूण उरेल असा पक्का हवा. बोटीचं नाव आणि तिचं कागदांतलं बंदर (हेलिंग पोर्ट) बाहेरून, 4 इंची अक्षरांत.

मागे बांधलेली मोटरवाली डिंगी (छोटी होडी) मोठ्या बोटीच्या कागदांत बसत नाही, तिचा नंबर वेगळा काढावा लागतो.

आणि हो, डॉक्युमेंटेशन फक्त अमेरिकी नागरिकाला मिळतं. ग्रीन कार्डवाल्यांनी सरळ राज्याचं टायटल आणि रजिस्ट्रेशन करावं.