ॲसिटिल हिस्टोनचा ब्लॉट शेवटी जमला (माझा अनुभव)

सोलापुरात आमच्या छोट्या लॅबमध्ये हिस्टोन एच३ (ज्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ते प्रथिन) च्या लायसिन २७ वरचं, म्हणजे साखळीतल्या २७ व्या अमिनो आम्लावरचं, ॲसिटिलेशन (तिथे लागलेला ॲसिटिल गट) ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखून, बघत होतो, पॉलिक्लोनल अँटिबॉडीचा (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) नवीन लॉट आला आणि बँडच (ब्लॉटवर दिसणारी पट्टी) बदलला. आधी वाटलं इथल्या उन्हात पार्सल तापलं असेल. पण डॉट ब्लॉट केला (पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांचे, ठिपके पडद्यावर देऊन तपासलं) तर ती अँटिबॉडी लायसिन ९ च्या ॲसिटिल पेप्टाइडलाही चिकटत होती! दोन्हीकडे एआरकेएस हाच अमिनो आम्लांचा क्रम आहे ना, म्हणून. मग रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल अँटिबॉडी (जनुकावरून बनवलेली, एकाच प्रकारची) घेतली, तिचा सिक्वेन्स ठरलेला असतो त्यामुळे लॉट बदलला तरी अँटिबॉडी तीच, तरीपण आधी पेप्टाइडवर तपासलीच, फक्त २७ ला लागली. बफरमध्ये (हिस्टोन काढायच्या द्रावणात) सोडियम ब्युटिरेट नक्की टाका, ते डीॲसिटिलेजना (ॲसिटिल काढणारी एन्झाइम) रोखतं, नाहीतर ती हिस्टोन काढतानाच ॲसिटिल उडवतात. आता बँड स्वच्छ येतोय, खूप बरं वाटतंय.